सगळ्यांची एकच स्पर्धा

पुण्यात कोथरूडला राहणाऱ्यांना 'कमिन्स' हे नाव नवं नाही. पण त्या कंपनीचं मूळ घर अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कोलंबस नावाच्या एका मध्यम आकाराच्या गावात आहे, हे लेक तिकडे नोकरीला जाईपर्यंत मला माहीत नव्हतं. १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत ही कंपनी पुण्यात आली आणि तेव्हापासून पुणे ते कोलंबस अशी इंजिनिअर मंडळींची ये-जा सुरू आहे. त्याच वाटेनं लेक आणि जावई गेले, आणि नातवाच्या निमित्तानं दोन हिवाळे मीही तिथे काढले.

बाहेर बर्फ, घरात नातू झोपलेला, आणि माझ्यासारख्या निवृत्त इतिहासशिक्षिकेच्या हाताला काम नाही. शेजारी ऐंशी ओलांडलेले एक आजोबा राहायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुमची शाळा कोणती?" मी कुठे शिकवत होते ते विचारताहेत असं वाटून मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्याचं नाव सांगितलं. ते हसले. बास्केटबॉलमध्ये मी कोणत्या शाळेच्या बाजूची, हे त्यांना हवं होतं. "इथे प्रत्येकाची एक शाळा असते," ते म्हणाले. "शाळा सोडून साठ वर्षं झाली तरी असते." आणि पुढे म्हणाले, "आमच्याकडे सत्त्याऐंशी वेळा अशी स्पर्धा झाली, की छोटी शाळा वेगळी नाही, मोठी शाळा वेगळी नाही. सगळ्यांची एकच."

ते 'सगळ्यांची' माझ्या मनात राहिलं. तीस वर्षं इतिहास शिकवल्यानंतर 'सगळे' हा शब्द ऐकला की सवयीनं प्रश्न येतो : सगळे म्हणजे कोण कोण? कोलंबसचं सार्वजनिक ग्रंथालय आय. एम. पेई या थोर वास्तुरचनाकारानं बांधलेलं आहे. तिथल्या उबेत बसून मी इंडियानाच्या शालेय बास्केटबॉलचा इतिहास वाचू लागले. खेळातलं मला फार कळत नाही. पण एका राज्यानं आपल्या शाळकरी पोरांच्या खेळात स्वतःचं चित्र कसं पाहिलं आणि त्या चित्रात कोणाला जागा दिली नाही, हे वाचताना मला आपलं पुष्कळ काही आठवत राहिलं.

गोठ्याच्या भिंतीवरची टोपली

बास्केटबॉल हा मुळात हिवाळ्यावरचा तोडगा. डिसेंबर १८९१मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या कॅनडात जन्मलेल्या शिक्षकासमोर प्रश्न होता, की बर्फामुळे आत अडकलेल्या आडदांड पोरांचं करायचं काय. त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीच या फळाच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पुढे वायएमसीएच्या प्रशिक्षकांबरोबर हा खेळ जगभर गेला. आपल्याकडेही तो त्याच वाटेनं आला. मद्रासला हॅरी बक यांनी १९२०मध्ये शारीरिक शिक्षणाची शाळा काढली, आणि मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत तर हा खेळ असा मुरला की भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर तिथूनच पुढे आले.

इंडियानात हा खेळ निकोलस मॅके या पाद्र्यानं क्रॉफर्ड्सव्हिलच्या वायएमसीएत आणला आणि मार्च १८९४मध्ये शेजारच्या लाफायेत गावाशी पहिला सामना झाला, अशी पारंपरिक कथा आहे. 'पहिला' या शब्दावर अलीकडचे अभ्यासक वाद घालतात. मला त्या वादापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटला : हा खेळ इथेच एवढा का रुजला?

उत्तर शाळांच्या रचनेत आहे. इंडियानात टाउनशिप नावाचे सुमारे हजार छोटे प्रशासकीय तुकडे होते आणि आपापली शाळा चालवण्याचं काम त्या त्या टाउनशिपकडे होतं. त्यामुळे दर पाच-सहा मैलांवर एक शाळा, आणि तिच्यात साठ, सत्तर, फार तर शंभर मुलं. त्यांच्या फुटबॉलला अकरा धडधाकट पोरं लागतात. एवढ्याशा शाळेत ती मिळायची कुठून? बास्केटबॉलला पाच पुरतात. मक्याची काढणी झाली की पुढची पेरणी येईपर्यंत शेतकऱ्याच्या हातात चार-पाच महिने मोकळे. गोठ्याच्या भिंतीवर एक कडी ठोकली की पोरगा एकटादेखील सराव करू शकतो. खेळ, ऋतू आणि शाळा असे तिन्ही जुळून आले.

१९०३मध्ये राज्यातल्या माध्यमिक शाळांची क्रीडा संघटना स्थापन झाली होती. १९११च्या मार्चमध्ये ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात पहिली राज्यस्पर्धा भरली. बारा संघ आले. क्रॉफर्ड्सव्हिलनं लेबननला २४-१७ असं हरवलं. पुढच्या वर्षी संघटनेनं स्पर्धा स्वतःकडे घेतली आणि लवकरच एक नियम पक्का झाला : सदस्य असलेली कोणतीही शाळा, पटावर कितीही मुलं असोत, याच एका स्पर्धेत उतरेल. आधी जवळपासच्या शाळांत सामने, मग त्याहून मोठ्या टापूत, आणि शेवटी राजधानी इंडियानापोलिसला. हरलात की घरी. आपल्याकडच्या कुस्तीच्या जंगी मैदानासारखंच, पण इथे तालमीऐवजी गाव उभं राहायचं.

१९१३ आणि १९१४ अशी सलग दोन वर्षं हे विजेतेपद विंगेट या खेड्यानं जिंकलं. विंगेटच्या शाळेला स्वतःची व्यायामशाळाच नव्हती. पोरं उघड्यावर सराव करायची आणि थंडी फार झाली की सहा मैलांवरच्या न्यू रिचमंड या गावी जायची, असं सांगतात. १९१३चा अंतिम सामना साउथ बेंडसारख्या कारखान्यांच्या शहराविरुद्ध होता. बरोबरी सुटेना म्हणून पाच वेळा जादा वेळ द्यावा लागला, आणि शेवटी १५-१४ असा एका गुणानं निकाल लागला. ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी इंडियानाची एक कथा तयार झाली : इथे लहान मोठ्याला हरवू शकतो.

या कथेनं राज्य झपाटलं. वेडाला 'हूजियर हिस्टेरिया' असं नाव पडलं. हूजियर म्हणजे इंडियानाचा माणूस. गावोगावी व्यायामशाळा उभ्या राहिल्या. मार्टिन्सव्हिल या गावात १९२४मध्ये बांधलेल्या व्यायामशाळेत गावाच्या लोकसंख्येपेक्षा बैठका जास्त होत्या. त्या शाळेत घडलेले जॉन वूडन पुढे अमेरिकेतले सर्वांत नामवंत महाविद्यालयीन प्रशिक्षक झाले. १९२५च्या अंतिम फेरीला स्वतः नेस्मिथ पाहुणे म्हणून आले आणि सुमारे पंधरा हजारांची गर्दी बघून थक्क झाले. १९२८मध्ये इंडियानापोलिसला बटलर विद्यापीठाचं भव्य फील्डहाउस उभं राहिलं आणि अंतिम फेरीला घर मिळालं. १९३८मध्ये स्पर्धेत उतरलेल्या शाळांची संख्या होती ७८७.

जी सर्वांसाठी खुली नाही

७८७ म्हणजे सगळ्या, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. मग संघटनेच्या सदस्यत्वाचे नियम वाचनात आले.

१९२०च्या दशकात इंडियाना हा कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा बालेकिल्ला होता. १९२४मध्ये निवडून आलेल्या राज्यपालालाही क्लॅनचा पाठिंबा होता. कृष्णवर्णीय, कॅथलिक, ज्यू आणि बाहेरून आलेले असे चौघेही या लोकांना नकोसे. तोवर इंडियानापोलिसची कृष्णवर्णीय मुलं शहरातल्या इतर माध्यमिक शाळांत गोऱ्या मुलांबरोबर शिकत होती. कृष्णवर्णीय पालकांचा विरोध डावलून शाळा मंडळानं त्यांच्यासाठी एक स्वतंत्र शाळा काढली आणि ती सप्टेंबर १९२७मध्ये सुरू झाली. मंडळानं तिला थॉमस जेफरसन यांचं नाव द्यायचं ठरवलं होतं. गुलाम बाळगणाऱ्याचं नाव आमच्या शाळेला नको, असं म्हणत समाजानं ते बदलून घेतलं. १७७०मध्ये बॉस्टनच्या गोळीबारात पडलेल्या क्रिस्पस ॲटक्स या कृष्णवर्णीय खलाशाचं नाव शाळेला लागलं.

शाळा लादलेली होती, पण ती त्यांनी आपली केली. विद्यापीठांची दारं बंद असल्यामुळे उच्च पदव्या घेतलेले कृष्णवर्णीय विद्वान या शाळेत शिकवायला आले. शाळेनं बास्केटबॉलचा संघ बांधला आणि संघटनेकडे सदस्यत्व मागितलं. उत्तर आलं : नाही. सदस्यत्व सार्वजनिक शाळांसाठी आहे. सार्वजनिक म्हणजे सर्वांसाठी खुली. तुमच्या शाळेत गोरी मुलं येऊ शकत नाहीत, म्हणजे ती सर्वांसाठी खुली नाही, म्हणजे ती सार्वजनिक नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. दरवाजा बाहेरून बंद करायचा आणि आत कोंडलेल्याला म्हणायचं, की तू बाहेर येत नाहीस. पाणवठा बाटेल म्हणून ज्यांना दूर ठेवलं, त्यांनाच अस्वच्छ म्हणणारा तर्क आपल्या इतिहासात आहेच. याच नियमानं कॅथलिक धर्मसंस्थांच्या शाळाही बाहेर होत्या.

इतिहासाच्या शिक्षिकेनं इथे एक तपशील लपवता कामा नये. लहान गावांत, जिथे वेगळी शाळा काढण्याइतकी कृष्णवर्णीय वस्तीच नव्हती, तिथे ही मुलं गोऱ्या मुलांबरोबर खेळत होती. १९३०मध्ये जिंकलेल्या वॉशिंग्टन गावच्या संघाचा आधारस्तंभ डेव्ह डीजर्नेट हा कृष्णवर्णीय मुलगा होता. म्हणजे खेळाडू म्हणून एकटादुकटा चालत होता. समाज म्हणून, शाळा म्हणून नाही. एकट्याला आत घेणं आणि समूहाला बाहेर ठेवणं या दोन गोष्टी एकाच वेळी सुखानं नांदू शकतात, हे मला इथे नव्यानं कळलं.

संघटनेचा कारभार ज्यांच्या हाती अनेक वर्षं एकवटला होता, ते आर्थर ट्रेस्टर हे कडक आणि कार्यक्षम गृहस्थ. स्पर्धेला शिस्त त्यांनी लावली, आणि ॲटक्सला नकारही त्यांच्याच काळात दिला गेला. १९४१मध्ये रॉबर्ट ब्रोकनबर या कृष्णवर्णीय सिनेटरनं सर्व शाळांना प्रवेश देणारं विधेयक मांडलं. कायदा झाला नाही, पण दबाव कामी आला. १९४२पासून ॲटक्स आणि कॅथलिक शाळा संघटनेत आल्या. तोवर स्पर्धेला तीस वर्षं होऊन गेली होती. आजही अंतिम फेरीत उत्तम वृत्तीच्या खेळाडूला जो पुरस्कार देतात, त्याला ट्रेस्टर यांचंच नाव आहे.

आत आल्यानंतरचा पहिला काळ काही सोपा नव्हता. १९४७मध्ये शेल्बीव्हिलनं विजेतेपद मिळवलं ते बिल गॅरेट या कृष्णवर्णीय मुलाच्या जोरावर. तो राज्यातला सर्वोत्तम शालेय खेळाडू ठरला. पण त्या भागातल्या मोठ्या विद्यापीठांमध्ये एक अलिखित करार होता, की कृष्णवर्णीय खेळाडूला बास्केटबॉलच्या संघात घ्यायचं नाही. समाजाच्या पुढाऱ्यांनी इंडियाना विद्यापीठाच्या अध्यक्षांचं मन वळवलं आणि गॅरेटनं तो करार मोडला. हे नाव लक्षात ठेवावं. ते पुढे पुन्हा येणार आहे.

एक वर्ष अलीकडे, एक वर्ष पलीकडे

कोलंबसहून तासाभराच्या अंतरावर मायलन नावाचं गाव आहे. स्पेलिंग इटलीतल्या मिलानचंच, पण उच्चार मायलन. मिलान म्हणालात तर लोक दुरुस्त करतात. १९५४मध्ये लोकसंख्या हजार-बाराशे. लेकीनं एका रविवारी मला तिथे नेलं. गावात शिरताना पाण्याची टाकी दिसते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं : राज्यविजेते, १९५४.

त्या वर्षी मायलनच्या शाळेच्या पटावर १६१ मुलं-मुली होती. स्पर्धेत ७५१ शाळा होत्या. अंतिम सामना मन्सी सेंट्रलशी पडला. त्या शाळेची पटसंख्या मायलनच्या दहापट आणि चार विजेतेपदं आधीच नावावर. मायलनचे प्रशिक्षक मार्विन वूड अवघे सव्वीस वर्षांचे. २० मार्च १९५४ची संध्याकाळ. शेवटच्या टप्प्यात मायलन २६-२८ असं मागे होतं, आणि तरीही बॉबी प्लम्प हा मुलगा चेंडू हातात धरून चार मिनिटांहून जास्त वेळ नुसता उभा राहिला. तेव्हा नियमाला ते चालत होतं. मोठ्या संघाची लय मोडायची, हाच डाव होता. पुढे ३०-३० अशी बरोबरी झाली. शेवटची काही सेकंद उरली असताना प्लम्पनं सुमारे पंधरा फुटांवरून उडी घेऊन चेंडू टाकला. ३२-३०. दुसऱ्या दिवशी पोरं घरी निघाली तेव्हा मागे मोटारींची मैलोगणती रांग होती, आणि त्या हजाराच्या गावात चाळीस हजार माणसं जमली असं सांगतात.

मायलनच्या संग्रहालयात एवढं सगळं बघून मी भारावून बाहेर आले. मीही शेवटी खेड्यातल्या शाळेचीच शिक्षिका. पण परत आल्यावर त्या वर्षीचे सगळे निकाल ओळीनं वाचले, तेव्हा एक गोष्ट दिसली. अंतिम फेरीच्या एक आठवडा आधी, याच मैदानावर, मायलननं आणखी एका संघाला ६५-५२ असं हरवलं होतं. तो संघ होता क्रिस्पस ॲटक्स. त्यांच्यात ऑस्कर रॉबर्टसन नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा खेळत होता.

ऑस्करचं घराणं टेनेसीतून पोट भरायला इंडियानापोलिसला आलेलं. वस्तीतल्या धुळीच्या मैदानावर तो खेळ शिकला. ॲटक्सच्या व्यायामशाळेत मोठ्या सामन्याला पुरेल एवढी जागाच नव्हती, त्यामुळे त्यांचे 'घरचे' सामनेही दुसऱ्यांच्या मैदानांवर व्हायचे. प्रशिक्षक रे क्रो यांची शिकवण होती, की पंचांशी वाद घालायचा नाही आणि निकाल पंचांच्या हातात राहील इतकी चुरस होऊ द्यायची नाही. ज्यांच्या बाजूनं शिट्टी वाजेलच याची खात्री नसते, त्यांना असंच जिंकावं लागतं.

मार्च १९५५मध्ये ॲटक्सनं गॅरी रूझवेल्ट या दुसऱ्या कृष्णवर्णीय शाळेला ९७-७४ असं हरवलं. सर्वांसाठी खुल्या राज्यस्पर्धेत विजेती ठरलेली ही अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय शाळा. शिवाय राजधानी इंडियानापोलिसच्या कोणत्याच शाळेनं तोवर हे विजेतेपद मिळवलेलं नव्हतं. शहरानं चव्वेचाळीस वर्षं वाट पाहिली, आणि ते आणलं त्या शाळेनं, जी शहरानं मुलांना दूर ठेवण्यासाठी काढली होती.

मिरवणूक निघाली. पोरं अग्निशमन दलाच्या गाडीवर चढली. शहराच्या मधोमध सैनिकांचं स्मारक आहे, त्याभोवतीच्या चौकात विजयाचा जल्लोष करायचा, ही रीत. गाडीनं चौकाला एक फेरी मारली आणि तिथे न थांबता पोरांना कृष्णवर्णीय वस्तीतल्या नॉर्थवेस्टर्न पार्कमध्ये नेलं. शहराच्या मध्यभागी एवढे कृष्णवर्णीय लोक जमले तर गडबड होईल, अशी प्रशासनाला भीती होती. रॉबर्टसन यांनी आत्मचरित्रात या रात्रीची सल लिहून ठेवली आहे. पुढच्या वर्षी ॲटक्सनं एकही सामना न हरता पुन्हा विजेतेपद घेतलं. इंडियानात अपराजित राहून जिंकलेला हा पहिलाच संघ. १९५९मध्ये तिसऱ्यांदा जिंकले तेव्हा त्यांचे प्रशिक्षक होते बिल गॅरेट, तोच शेल्बीव्हिलचा मुलगा.

मायलन आणि ॲटक्स या दोन्ही कथा लहानानं मोठ्याला हरवल्याच्याच आहेत. पण १९८६मध्ये 'हूजियर्स' हा चित्रपट आला तो मायलनवरून. जीन हॅकमन त्यात प्रशिक्षक आहेत. चित्रपटातलं खेडं म्हणून जिथे चित्रीकरण झालं ते गाव न्यू रिचमंड, म्हणजे विंगेटची पोरं सरावाला जायची तेच. अंतिम सामन्यात खेड्यातल्या गोऱ्या पोरांसमोर शहरातला बलाढ्य संघ उभा आहे आणि त्यात कृष्णवर्णीय खेळाडू आहेत. त्या प्रतिस्पर्धी संघाच्या प्रशिक्षकाची छोटी भूमिका कोणी केली आहे? खुद्द रे क्रो यांनी. ज्यांच्या संघानं वर्षभरानंतर खरा इतिहास घडवला, ते चित्रपटात हरणाऱ्या बाकावर बसलेले दिसतात. चित्रपट मी जावयाबरोबर पाहिला. मला तो आवडला, डोळ्यांत पाणीही आलं. पण त्या बाकाकडे बघितल्याशिवाय आता मला तो पाहता येत नाही.

मुली

आणि मुली? शतकाच्या सुरुवातीला इंडियानात मुलींचे संघ होते. पुढे, हा खेळ मुलींच्या प्रकृतीला झेपणारा नाही, असं ठरवून ते मोडीत काढले गेले. मुलींच्या वाट्याला राहिलं टाळ्या वाजवणं. १९७२मध्ये शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणारा कायदा झाला, आणि १९७६मध्ये राज्य संघटनेनं मुलींची पहिली स्पर्धा भरवली. त्याच फील्डहाउसमध्ये वॉर्सा गावच्या मुलींनी ब्लूमफील्डला ५७-५२ असं हरवलं. जूडी वॉरन ही त्यांची चपळ, बुटकी खेळाडू घराघरात पोचली.

१९११ ते १९७६. पासष्ट वर्षं. मी स्वतः शाळेत असताना लंगडी आणि खो-खोत वर्गात पहिली असायचे. तालुक्याला मुलांचा संघ जायचा, आम्ही वेशीपर्यंत पोचवायला जायचो. त्यामुळे या आकड्याचा हिशेब मला कागदावर करावा लागला नाही.

पट

'सगळे' या शब्दात अखेर सगळे आले, तोवर दुसरीकडून एक गळती सुरू झाली होती. १९५९मध्ये इंडियानानं शाळांच्या पुनर्रचनेचा कायदा केला. छोट्या शाळा एकत्र करायच्या, म्हणजे प्रयोगशाळा मिळेल, विषयवार शिक्षक मिळतील, खर्च वाचेल. ही कारणं खोटी नव्हती. साठ मुलांच्या शाळेत रसायनशास्त्र कोण शिकवणार? पण गावं एकामागून एक आपापल्या शाळेला मुकली. विंगेटची शाळा आधी न्यू रिचमंडच्या शाळेशी जोडली गेली आणि पुढे नॉर्थ मॉन्टगोमेरी या मोठ्या एकत्रित शाळेत विरून गेली. जिथे गावाचं नाव होतं, तिथे दिशेचं आणि जिल्ह्याचं नाव आलं. ७८७ शाळांच्या जागी १९९७मध्ये उरल्या ३८२.

त्यात आता काही शाळांचा पट तीन हजारांच्या घरात. मायलननंतर तेवढी छोटी शाळा पुन्हा कधी जिंकली नव्हती. १९९०च्या अंतिम फेरीला इंडियानापोलिसच्या बंदिस्त स्टेडियममध्ये ४१,०४६ प्रेक्षक आले होते, म्हणजे वेड ओसरलं नव्हतं. पण लहान शाळांचे मुख्याध्यापक विचारू लागले, की आमच्या पोरांनी आणखी किती वर्षं एका जुन्या गोष्टीवर जगायचं? १९९६मध्ये संघटनेच्या मंडळानं पटसंख्येनुसार चार गट करायचं ठरवलं. मुख्याध्यापकांचं मतदान घेतलं गेलं : २२० बाजूनं, १५७ विरुद्ध. बॉबी प्लम्प विरोधकांच्या आघाडीवर होते. १९९७मध्ये ब्लूमिंग्टन नॉर्थनं शेवटची एकच स्पर्धा जिंकली. १९९८पासून दरवर्षी मुलांचे चार आणि मुलींचे चार असे आठ विजेते होतात.

आजोबांना हा निर्णय अजून मान्य नाही. "चार विजेते म्हणजे एकही नाही," असं त्यांचं म्हणणं. मी बरेच दिवस त्यांच्या बाजूची होते. आता तितकीशी नाही. एकच स्पर्धा होती तेव्हा ती लहानांना मोठ्यांसमोर उभं राहायची संधी देत होती, यात शंका नाही. पण ती दरवर्षी एक सोडून बाकी सगळ्या शाळांना घरी पाठवत होती आणि एखाद्या विंगेटची, एखाद्या मायलनची कथा सांगून त्यांची समजूत घालत होती. त्या कथेच्या उजेडात, ज्यांना मैदानावरच येऊ दिलं नाही, ते दिसेनासे झाले. तरीही, गट केले म्हणून लहान गावाचं दुखणं बरं झालं असंही नाही. त्याचं खरं दुखणं स्पर्धेत हरण्याचं नव्हतंच. शाळा जाण्याचं होतं.

परतण्यापूर्वी मी ॲटक्सला जाऊन आले. शाळा अजून त्याच इमारतीत आहे आणि तिथेच तिचं संग्रहालय आहे. २०१७मध्ये शाळेनं आपल्या गटात पुन्हा राज्यविजेतेपद मिळवलं. त्याआधी, २०१५ साली, शहराच्या प्रसिद्ध मोटारशर्यतीच्या मोठ्या मिरवणुकीत १९५५च्या संघातल्या हयात खेळाडूंना मानाचं स्थान दिलं गेलं. साठ वर्षांनी त्यांची गाडी शहराच्या मध्यातून, सगळ्यांसमोरून गेली. तेव्हा ते आजोबा झालेले होते, आणि काही जण ते बघायला उरलेही नव्हते.

पुण्याला परतल्यावर मी माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावी गेले. तिथल्या प्राथमिक शाळेचा पट वीसच्या खाली आला आहे. अशा शाळा जवळच्या मोठ्या शाळेत, समूह शाळेत, मिळवायच्या अशी चर्चा गेली काही वर्षं आपल्याकडे चालू आहे. बाजूनं दिली जाणारी कारणं इंडियानातल्यासारखीच आहेत, आणि तितकीच खरीही. सरपंचबाईंनी मला विचारलं, "बाई, तुम्ही तिकडचं बघून आलात. तिकडे काय केलं?" मी त्यांना मायलनची टाकी सांगितली, विंगेटची नसलेली शाळा सांगितली, आणि ॲटक्सची मिरवणूकही सांगितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पोरांना बस मिळेल, शिक्षक मिळतील. पण तालुक्याच्या मैदानात आमच्या गावाचं नाव कोण पुकारणार?"

शाळेच्या भिंतीवर गेल्या वर्षीचं एक प्रशस्तिपत्र लावलेलं होतं. केंद्रस्तरीय स्पर्धा, लंगडी, मुली, द्वितीय क्रमांक. खाली गावाचं नाव शाईनं, ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. निघताना मी ते पुन्हा एकदा वाचलं.